कमांड लाइनवरून फाइल कॉपी करताना या चुका टाळा

सीपी ही कमांड फार कमी बोलते. काम नीट झालं तरी गप्प, आणि तीन दिवस खपून लिहिलेल्या फाइलवर जुनी फाइल चढवली तरी गप्पच. 1971 च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही ती होती. सांगितलेलं खरं मानायचं आणि उलट प्रश्न विचारायचे नाहीत, हा तिचा बाणा आजही तसाच आहे. त्यामुळे डोकं आपल्यालाच वापरावं लागतं.

‘काय’ कॉपी करायचं यात माणूस सहसा चुकत नाही. घोळ होतो तो ‘कुठे’ यात. (खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आणि ‘कॅपिटल’ म्हटलं नसेल तर अक्षरं लहानच.)

शेवटचं नाव फोल्डरचं आहे याची खात्री आहे?

ही साधी ओळ बघा:

सीपी अहवाल बॅकअप

या एका ओळीचे तीन अर्थ होतात. बॅकअप नावाचं फोल्डर असेल तर अहवालाची प्रत त्यात जाते. त्या नावाची फाइल असेल तर तिच्यातला मजकूर पुसून अहवालाचा मजकूर येतो. आणि त्या नावाचं काहीच नसेल तर बॅकअप नावाची नवी फाइल तयार होते. हा तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. तुम्ही समजता फोल्डरमध्ये टाकलं. मग त्याच पद्धतीने ‘पत्र’ टाकता, मग ‘हिशेब’ टाकता. शेवटी हातात एकच फाइल उरते आणि तिच्यात फक्त हिशेब असतो. मधे एकदाही तक्रार नाही.

उपाय एका अक्षराचा आहे. जागेच्या नावापुढे तिरकी रेघ द्या:

सीपी अहवाल बॅकअप/

आता फोल्डर नसेल तर सीपी ‘नॉट अ डिरेक्टरी’ म्हणून थांबते. ही सवय हाताला लावून घ्या, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

फोल्डर कॉपी करताना हाच घोळ मोठा होतो. मुळात -आर (फोल्डर आतल्या सगळ्यासकट कॉपी करण्याचा पर्याय) विसरलात तर सीपी ‘ओमिटिंग डिरेक्टरी’ असं सांगून ते फोल्डर वगळते. ही चूक निरुपद्रवी, कारण ती लगेच दिसते. खरी गंमत पुढे आहे:

सीपी -आर फोटो बॅकअप

पहिल्यांदा चालवली तेव्हा बॅकअप हे फोल्डर नव्हतं, म्हणून ते तयार झालं आणि त्यात थेट फोटो आले. दुसऱ्या दिवशी हीच ओळ चालवली. आता बॅकअप आहे, म्हणून फोटो हे अख्खं फोल्डर त्याच्या आत गेलं: बॅकअप/फोटो. तिसऱ्या दिवसापासून नव्या फाइल या आतल्या फोल्डरमध्ये साठत राहतात आणि वरचा थर पहिल्या दिवशी होता तसाच राहतो. स्क्रिप्टमध्ये ही ओळ असेल तर महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. मग एक दिवस मूळ डिस्क जाते, आपण बॅकअप उघडतो आणि समोर येते ती पहिल्या दिवशीची प्रत.

म्हणून आधी एमकेडीआयआर -पी बॅकअप (फोल्डर नसेल तर ही कमांड ते तयार करते), आणि मग:

सीपी -आर फोटो/. बॅकअप/

शेवटचा ठिपका म्हणजे ‘या फोल्डरच्या आत जे आहे ते’. आता ही ओळ कितीही वेळा चालवा, परिणाम तोच. लिनक्सवर -टी (कॅपिटल) हा पर्यायही आहे. तो दिला की सीपी शेवटच्या नावाच्या आत शिरत नाही.

मॅकवरून लिनक्सवर किंवा उलट येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. मॅकच्या सीपीला ‘फोटो’ आणि ‘फोटो/’ यांत फरक कळतो: रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट. लिनक्सच्या सीपीला दोन्ही सारखंच. आरसिंक (दोन फोल्डरं एकसारखी ठेवणारी कमांड) मात्र दोन्हीकडे मॅकच्या सीपीसारखं वागतं. आरसिंकला --डिलीट जोडलं असेल तर ही रेघ किंवा चुकलेलं जागेचं नाव महागात पडतं, कारण मूळ फोल्डरमध्ये नसलेलं सगळं तिकडून पुसलं जातं. आधी -एन आणि -व्ही लावून कोरडी फेरी मारा, यादी वाचा, मगच खरी कमांड द्या.

तारा सीपीला दिसतच नाही

आपण * लिहितो तेव्हा शेल (टाइप केलेली ओळ आधी वाचणारा प्रोग्रॅम) आधीच त्याच्या जागी फाइलची नावं भरतो. सीपीच्या हाती पडते ती तयार यादी, आणि त्या यादीतलं शेवटचं नाव म्हणजे तिच्या लेखी ‘कुठे’. आता ज्या फोल्डरमध्ये दोनच फाइल आहेत तिथे ‘सीपी *’ लिहून, जागा टाइप करायच्या आत एंटर दाबलं तर? पहिली फाइल दुसरीवर चढते. मी हे केलं आहे. आधी वाटलं, कमांड अर्धवट होती म्हणून काहीच झालं नाही. दुसरी फाइल उघडल्यावर कळलं.

दुसरी अडचण लपलेल्या फाइलची. नावाच्या सुरुवातीला ठिपका असलेल्या फाइल * मध्ये येत नाहीत. प्रोजेक्ट कॉपी केला, सगळं आलं, पण .गिट आणि सेटिंगच्या फाइल मागेच राहिल्या, असं याच कारणाने होतं. काही जण त्यावर ‘.*’ लिहितात. तो उपाय रोगापेक्षा वाईट: बॅशच्या जुन्या आवृत्त्यांत त्यात दोन ठिपक्यांचं वरचं फोल्डरही येतं, आणि -आर सोबत असेल तर नको तो पसारा कॉपी व्हायला लागतो. वरची ‘फोटो/.’ ही रीत इथेही चालते, कारण तिच्यात लपलेल्या फाइल आपोआप येतात.

फाइल खूपच असल्या तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ असा संदेश येतो. इथे सीपीचा दोष नाही. एका कमांडला किती लांब यादी देता येईल याची मर्यादा ऑपरेटिंग सिस्टिमची असते. अख्खं फोल्डर -आर ने कॉपी केलं की तारा लागतच नाही.

नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरणचिन्हांत घाला. पण ~ चिन्ह अवतरणाबाहेर ठेवा, नाहीतर शेल त्याचा अर्थ लावत नाही आणि ‘नो सच फाइल’ ऐकावं लागतं.

जुनं पुसलं जाऊ नये म्हणून

-आय दिलं की सीपी विचारून पुसते, -एन दिलं की असलेल्या फाइलला हात लावत नाही. मला लिनक्सवरचं -बी जास्त आवडतं: जुनी फाइल नावापुढे ~ लावून बाजूला ठेवली जाते. पुष्कळ जण एलियस (कमांडचं टोपणनाव) करून -आय कायमचं लावतात. ठीक आहे, पण स्क्रिप्टमध्ये एलियस सहसा चालत नाही, आणि ती सवय लागलेला माणूस दुसऱ्याच्या मशिनवर बिनधास्त एंटर मारतो.

कॉपी झाल्यावर सगळ्या फाइलवर आजचीच तारीख दिसते? -पी राहिलं. तारखा, परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइल) सगळं जसंच्या तसं हवं तर -ए. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून कॉपी केलेल्या फाइलची मालकी बहुधा रूटकडे, म्हणजे प्रशासकाच्या खात्याकडे, जाते आणि नंतर स्वतःचीच फाइल बदलता येत नाही. तिथे सीएचओन वापरून मालकी परत घ्यावी लागते.

दुसऱ्या मशिनवर

दुसऱ्या मशिनवर फाइल पाठवणाऱ्या एससीपी या कमांडमध्ये सर्व्हरच्या नावानंतरचं विसर्गचिन्ह, म्हणजे कोलन, विसरलात तर फाइल कुठेही जात नाही. आपल्याच मशिनवर सर्व्हरच्या नावाची एक फाइल तयार होते. पासवर्ड विचारला नाही, क्षणात काम झालं, असं वाटलं तर आधी हेच तपासा. पोर्टसाठी इथे कॅपिटल पी लागतो. लहान पी म्हणजे तारखा जपणं.

विंडोजवर कॉपी ही कमांड आतली फोल्डरं घेत नाही, म्हणून रोबोकॉपी /ई सह वापरा. पण /एमआयआर हा पर्याय आरसिंकच्या --डिलीटसारखाच पुसतो. रोबोकॉपीने 1 हा कोड परत दिला तर ते यश असतं, खरी बिघाडी 8 पासून पुढे. आणि एखादी फाइल अडकली तर ती मूळ सेटिंगप्रमाणे 30 सेकंदांच्या अंतराने 10 लाख वेळा प्रयत्न करते. हिशेब केला तर एका फाइलपायी जवळपास साडेअकरा महिने! /आर:3 /डब्ल्यू:5 लिहून ही चिकाटी आवरा.

पेनड्राइव्हवर अडलं तर

डिस्कवर भरपूर जागा असूनही ‘फाइल टू लार्ज’ आलं तर पेनड्राइव्ह फॅट32 असणार. त्यात एक फाइल 4 जीबीपर्यंतच मावते. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आतलं आधी बाहेर काढून. लिनक्सवर ‘नो स्पेस लेफ्ट’ आलं आणि डीएफ -एच तर जागा दाखवतंय, तर डीएफ -आय चालवून बघा. बारीक फाइलची गर्दी झाली की इनोड (दर फाइलमागे डिस्कवर लागणारी नोंद) संपतात.

प्रॉम्प्ट परत आला म्हणजे सगळं पेनड्राइव्हवर पोचलं असं नाही. बराचसा डेटा अजून मेमरीत असू शकतो. सिंक चालवा, अनमाउंट करा, मगच काढा. महत्त्वाचा माल असेल तर पुन्हा जोडून डिफ -आर ने दोन्ही फोल्डरं ताडून पाहा. तीही काही बोलली नाही, तर मूळ पुसायला हरकत नाही.