संघ सतत हरतोय, मुलाला काढावं का?

माझा मुलगा १४ वर्षांखालच्या शालेय क्रिकेट संघात होता, तेव्हा एका सीझनमध्ये त्यांचा संघ सहाच्या सहा मॅच हरला. सहाव्या हरीनंतर घरी येताना लोकलमध्येच मी बायकोला मेसेज केला, "दुसरी शाळा बघूया." पोरगं समोर बसून वडापाव खात होतं आणि शेजारच्या मित्राला आपण चौकार कसा मारला ते हातवारे करून दाखवत होतं. हरलो होतो मी, तो नव्हे. हे कळायला मला दोन दिवस लागले. म्हणून पहिली पायरी हीच.

१. मॅचच्या दिवशी काहीही ठरवू नका

मैदानावरून घरी येईपर्यंत खेळाचा विषय मुलानं काढला तरच बोला. दोन-तीन दिवसांनी पुढच्या प्रॅक्टिसची वेळ झाली की बघा: किट तो स्वतः भरतो, की पोट दुखायला लागतं? एखाद्या दिवशी कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण तीन-चार आठवडे दर वेळी पोट दुखत असेल, तर ते पराभवाचं दुखणं नाही. आत वेगळं काही आहे.

२. धावफलक सोडा, वही काढा

या पायरीला महिनाभर द्या. दर प्रॅक्टिसनंतर चारच गोष्टी लिहायच्या: किती मिनिटं बॅटिंग मिळाली, किती ओव्हर टाकल्या, सरांनी नेमकं काय सुधारलं, आणि बाकीचा वेळ कसा गेला.

साधा हिशेब करा. दोन तासांची प्रॅक्टिस, दोन नेट, २४ मुलं: प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १० मिनिटं. नेट एकच असेल तर पाच. नावाजलेल्या कोचिंगमध्ये हीच गर्दी असते, आणि तिथं नव्या मुलाचा नंबर शेवटी लागतो. उलट, हरणाऱ्या संघात तुमचा मुलगा चौथ्या क्रमांकावर खेळतो, भरपूर ओव्हर टाकतो, ३० धावांत पाच बाद असताना एक बाजू लावून धरतो. जिंकणाऱ्या संघात तोच राखीव खेळाडू म्हणून पाण्याच्या बाटल्या नेईल. ट्रॉफीसोबतच्या फोटोत तो असेल हे खरं, पण मिळालेले चेंडू मोजा.

महिन्याच्या वहीत 'सरांनी काय सुधारलं' हा रकाना रिकामाच राहिला, तर मात्र ती गंभीर गोष्ट समजा.

३. संघ का हरतोय ते शोधा

शालेय क्रिकेटमध्ये ताकद फार विषम वाटलेली असते. चांगली मुलं मोजक्या शाळांत गोळा होतात, बाकीच्यांना त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेनं नाबाद १००९ धावा केल्या, ते सगळ्यांना आठवतं. त्याच्या संघानं ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत आटोपला. त्यांची नेहमीची मुलं परीक्षेमुळे आली नव्हती, लहानांना उतरवावं लागलं, असं तेव्हा छापून आलं होतं. त्या मुलांच्या आईबाबांनी त्या संध्याकाळी क्रिकेट बंद केलं असतं, तर ते कशावरून?

तुमच्या संघातली मुलं वयानं लहान असतील, गेल्या वर्षीचे मोठे खेळाडू वयोगटातून बाहेर पडले असतील, तर थांबा. सर प्रॅक्टिसलाच येत नसतील, तर थांबून काही होणार नाही.

४. सरांशी बोला, पण सीमारेषेवर नाही

वेगळी वेळ मागून घ्या. "आमच्याला का खेळवत नाही?" असं विचारलंत की सर बचावात जातात. "सर, पुढच्या दोन महिन्यांत त्यानं काय सुधारायला हवं?" असं विचारा. नेमकं उत्तर मिळालं तर माणूस मुलाकडे बघतोय. "बघू, मेहनत करू दे," एवढंच मिळालं तर वहीत तेही लिहा.

५. या बाबतीत थांबायचं नाही

मारहाण, सगळ्यांसमोर घाणेरडा अपमान, दुखापत असताना खेळवणं, निवडीसाठी पैसे मागणं, नकोसा स्पर्श. इथं वही, महिना, सीझन सगळं विसरा आणि मुलाला त्याच दिवशी बाहेर काढा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे; लैंगिक छळाला २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. संघ जिंकत असला तरीही हेच करायचं.

६. जायचंच ठरलं तर

"सचिननंही शाळा बदलली होती," हे वाक्य मैदानावर हमखास ऐकू येतं. बदलली होती, आचरेकर सरांच्या सल्ल्यानं वांद्र्याहून दादरच्या शारदाश्रमला. पण ते पराभवाला कंटाळून नव्हे, जास्त आणि चांगलं क्रिकेट मिळावं म्हणून. तुमच्या मुलाला नव्या जागी ते मिळणार आहे का, एवढंच बघा. आधी तिथली प्रॅक्टिस दोन-तीनदा बाहेर उभं राहून पाहा. पहिल्या अकरांकडे नको, शेवटच्या पाच मुलांकडे लक्ष द्या. सुरुवातीला तुमचा मुलगा त्यांच्यातच असणार.

क्लब बदलणं सोपं. शाळा बदलायची तर शाळा सोडल्याचा दाखला, नवी फी, प्रवास आणि अभ्यास सगळंच बदलतं, त्यामुळे ते जूनमध्येच करा. दहावीच्या वर्षात तर नकोच. आणि अर्ध्या सीझनमध्ये कशाला सोडायचं? आधीच बारा मुलं, त्यातला एक गेला आणि एक आजारी पडला की संघ दहांवर येतो.

सरांना मुलानं स्वतः जाऊन सांगावं, तुम्ही मागे उभे राहा. शाळेचं किट धुऊन परत करा. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोपाचा निबंध लिहू नका.