'डीजी ओके का, साहेब?'

रत्नागिरीत एका सोसायटीचा मॅनेजर म्हणून २०२० च्या दिवाळीनंतर लागलो. दोन विंग, ६४ फ्लॅट, त्यातले निम्मे मुंबई-पुण्यावाल्यांचे, म्हणजे वर्षभर कुलूप आणि गणपतीत सगळ्यांचे गिझर एकदम चालू. मी बीकॉम, आधी हॉटेलात फ्रंट डेस्कला होतो. पंप, पॅनल, वॉल्व्ह यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पहिले सहा महिने रोज सकाळी गेटमधून आत जाताना पोटात गोळा यायचा, की आज कोणीतरी असं काही विचारेल की ह्याला यातलं काही येत नाही हे सगळ्यांना कळेल.

तुम्ही या लाईनला नवीन असाल तर तुमचंही हेच होणार, होऊ दे. मेंटेनन्स बिलं, सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी), सप्टेंबरअखेर एजीएम (वार्षिक सर्वसाधारण सभा) हे सगळं शिकता येतं, बायलॉज म्हणजे सोसायटीची नियमावली वाचा, दोन महिन्यांत जमतं. मी जिथे आपटलो ती गोष्ट कुठल्याच डिप्लोमात शिकवत नाहीत, म्हणून तेच जरा लांबण लावून सांगतो.

दर शनिवारी डिझेल जनरेटर, म्हणजे डीजी, दहा मिनिटं चालवून वहीत नोंद करायची असा आमचा नियम. मार्चमध्ये एका शनिवारी मी एकटाच होतो, बटण दाबलं तर पॅनलवर लाल दिवा लागला आणि हूटर असा काही कोकलायला लागला की मी घाबरून सगळं बंद केलं. आता खरं तर वॉचमनकाकांना विचारायला पाहिजे होतं, ते बारा वर्षं तिथे आहेत. पण मॅनेजरनं वॉचमनला काय विचारायचं! त्यात मुंबईच्या एका सीनियरनं मला फोनवर धडा दिला होता, 'माहीत नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, लोक डोक्यावर बसतात. (असले गुरू भेटले की लांबून नमस्कार करा.) मी वहीत लिहिलं 'डीजी टेस्ट - ओके', खाली सही. पुढच्या शनिवारी परत तेच. मग सवयच झाली, पेन काढायचं, ओके, सही. दहा शनिवार.

१५ मे २०२१ चा शनिवार. तौक्ते चक्रीवादळ येतंय हे टीव्हीवर दिवसभर चाललेलं. त्या दिवशीसुद्धा मी ओकेच लिहिलं. हे आजही लिहिताना हात जड होतो.

रविवारी वारा सुटला आणि लाईट गेली. डीजी आपोआप सुरू व्हायला हवा, नुसतं टक टक झालं आणि गप्प. चौथ्या मजल्यावर एक आजोबा कोविडमधून घरी आलेले, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर. त्यांच्या मुलीचा फोन आला, 'दादा, जनरेटर कधी चालू होतोय?' मी म्हटलं पाच मिनिटांत. तेही खोटंच.

काका टॉर्च घेऊन आले, बॅटरीचं झाकण उघडलं. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी, बोटभर जाड. इथली खारी हवा लोखंड खाते तसं टर्मिनलही खाते, त्याला आठवड्याला पुसून व्हॅसलीन लावावं लागतं हे मला तेव्हा कळलं. काका म्हणाले, "ब्याटरी मेलीय ओ साहेब, ही नाय चालायची." मग मी माझ्या घरचा इन्व्हर्टर काढला, भर पावसात ताडपत्रीत गुंडाळून स्कूटरवर आणला, आजोबांचं मशीन त्याच्यावर लावलं, आणि तोवर काकांनी एका मेंबरच्या टेम्पोची बॅटरी काढून आणली. दीड तासानं डीजी चालू झाला. आजोबा वाचले. तो इन्व्हर्टर आणखी किती वेळ टिकला असता हा विचार मी आजही करत नाही.

आता खरा खड्डा पुढे आहे, नीट वाचा. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी विचारलं, काय झालं? आणि मी विचार न करता बोलून गेलो, एएमसीवाल्यानं (डीजीच्या वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्या पोरानं) बॅटरी चेकच केली नाही. चूक लपवायची म्हटली की ती कोणाच्या तरी गळ्यात टाकावी लागते, आणि आपल्याला आपोआप आपल्यापेक्षा गरीब माणूस सापडतो. कमिटीनं त्याचं पेमेंट थांबवलं. आठवड्यानं त्या पोराचा फोन आला, शिवी नाही, काही नाही, म्हणाला साहेब, मी फेब्रुवारीतच लिहून दिलंय ना बॅटरी बदला म्हणून. फाईल काढली. रिपोर्ट होता. खाली 'मिळाला' म्हणून माझीच सही. न वाचता केलेली.

त्या रात्री कमिटीच्या ऑनलाईन मीटिंगमध्ये सगळं सांगितलं, कॅमेरा बंद ठेवून, तेवढी हिंमत नव्हती. एक जण म्हणाले काढून टाका याला. चेअरमन बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, उद्या पोराचे पैसे सोडा, आणि तुम्ही दर शनिवारी डीजीपुढे उभं राहून मला फोटो पाठवायचा. नोकरी राहिली, त्या वर्षीची पगारवाढ गेली, आणि काही मेंबर अजून लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, 'डीजी ओके का, साहेब?' ऐकून घ्यायचं.

काकांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना मी न चालवताच लिहितो? म्हणाले, "डीजीचा आवाज नाय आला की कळताच ना ओ." दहा शनिवार त्यांनी वाट बघितली, मी विचारेन म्हणून.

आता वहीत 'ओके' हा शब्दच बंद केलाय. बॅटरी १२.६ व्होल्ट, डिझेल पाऊण टाकी, १० मिनिटं, लोडवर घेतला (बिल्डिंगची वीज त्याच्यावर टाकली) की नाही, असं लिहायचं. आकडा खोटा लिहिताना हात जरा तरी अडखळतो. आणि ज्या रकान्यातलं कळत नाही तिथे सरळ 'माहीत नाही, विचारतो' लिहायचं, मी अजून लिहितो. आगीच्या यंत्रणेचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो, तोही एजन्सीवाल्यानं टेबलावर बसून भरलेला घेऊ नका, हायड्रंट (आग विझवायचा नळ) उघडून पाणी दाखव म्हणा. पाणी आलं तरच पुढचं बोलणं. गणपतीत कॉन्ट्रॅक्टर पाकिटं घेऊन येतील, मिठाई घ्या हवी तर, पाकीट नको. एकदा घेतलंत की त्याला पाणी दाखव म्हणायला तोंड राहत नाही.

भीती गेली का? नाही. सकाळचा गोळा कमी झालाय, पूर्ण नाही, आणि ज्याला अजिबात भीती वाटत नाही असा मॅनेजर मला तरी संशयास्पद वाटतो. नवीन आलात की पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या माणसाबरोबर, मग तो वॉचमन असो की सफाईवाला, गच्चीपासून पंपरूमपर्यंत एक फेरी मारा आणि मूर्खासारखे प्रश्न विचारा, तेव्हा विचारलेले कोणी लक्षात ठेवत नाही. सहा महिन्यांनी विचारायला जास्त लाज वाटते, मला विचारा.

चौथ्या मजल्यावरचे आजोबा ठणठणीत आहेत. गेल्या महिन्यात त्यांची लेखी तक्रार आलीय, दर शनिवारी जनरेटरच्या आवाजानं झोपमोड होते म्हणून.