गोल काचेचे मलियन: आधी काचा मोजा, मग कंस काढा

सरळ भिंतीचे मलियन, म्हणजे काचांमधले उभे दांडे, स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कुणालाही जमतात. गोंधळ होतो तो गोल कोपऱ्यावर. एका शोरूमच्या कोपऱ्याला मी ९ मलियन उभे केले, त्यातले ४ काचेपासून सुटून हवेत. रेंडरमध्ये मला ते दिसलंच नाही, ॲल्युमिनियमवाल्याने दाखवलं.

स्केचअपचा कंस गोल नसतोच. तो सरळ तुकड्यांचा असतो. आपण काही सांगितलं नाही तर १२ तुकड्यांचा. माझी त्रिज्या ६ मीटर, कोन ९० अंश, काचा ८. म्हणजे एका काचेला दीड तुकडा. त्यामुळे एकाआड एक मलियन तुकड्याच्या मधोमध येतो, आणि तिथे काच १३ मिमी आत असते. शिवाय स्केचअप तुकड्यांमधल्या कडा गुळगुळीत करून लपवतो. व्ह्यू मेनूतून हिडन जिऑमेट्री चालू करा, म्हणजे सोंग उघडं पडेल.

म्हणून काचा आधी ठरवा. ८ काचा घेतल्या तर प्रत्येक ११७६ मिमी रुंद, आणि खऱ्या गोलापासून मध्यावर २९ मिमी आत. १६ घेतल्या तर ५८९ मिमी आणि फरक जेमतेम ७. दिसायला १६ सुंदर, पण ॲल्युमिनियमच्या सेक्शनचा खर्च जवळजवळ दुप्पट. मी ८ वरच थांबले.

आता कंस काढा आणि एंटिटी इन्फोमध्ये सेगमेंट्स ८ करा. हे पुश-पुलच्या, म्हणजे आकाराला उंची देण्याच्या, आधीच. नंतर तो आकडा हलत नाही. केंद्रावर गाइडलाइनची फुली मारून ठेवा. मग काचेच्या जाडीसाठी १२ मिमी ऑफसेट, दोन्ही टोकं बंद, उंची द्या, ग्रुप करा.

कंसाच्या सुरुवातीला त्रिज्येच्या रेषेत अडीच बाय दीड इंचाचा एकच मलियन उभारा, त्याचा कंपोनंट करा. मूव्हने कॉपी करू नका, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला राहतात. मलियन निवडून रोटेट घ्या, केंद्रावर क्लिक करा, मग मलियनवर क्लिक करा, कंट्रोल दाबा, कंसाच्या दिशेने फिरवा, ९० टाइप करून एंटर. लगेच तिरकी रेघ आणि ८, पुन्हा एंटर. ९ मलियन, सगळे तुकड्यांच्या सांध्यावर.

ट्रान्समसाठी, म्हणजे आडव्या दांड्यांसाठी, फॉलो मी (आकार रेषेवरून ओढत नेणारं टूल) सोपं आहे, पण ते मलियनच्या आरपार जातं. रेंडरला चालेल. कटिंग लिस्ट काढायची असेल तर दोन मलियनमधला एकच सरळ तुकडा करा आणि ११.२५ अंशांनी ७ वेळा फिरवा. फॅब्रिकेटरला टोकाचा काप सांगताना मात्र त्याच्या निम्मा सांगायचा, ५.६ अंश.