चिनी चांद्र पंचांग पाहताना या चुका टाळा

चिनी पंचांग मराठी वाचकाला चटकन ओळखीचे वाटते, कारण तेथेही महिना अमावास्येच्या आगेमागे बदलतो आणि अधूनमधून अधिक महिना येतो. मात्र बहुतेक चुका या ओळखीपोटीच होतात.

आपली प्रतिपदा अमावास्या संपल्यावर लागते. चीनमध्ये सूर्य-चंद्राची युती बीजिंगच्या वेळेनुसार ज्या दिवशी होते, तो अख्खा दिवसच महिन्याचा पहिला धरतात. म्हणून २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजला मौनी अमावास्येचे स्नान चालू असताना चीनमध्ये नववर्षाचा पहिला दिवस होता. तिथीचा क्षय वा वृद्धी तेथे नसते, दिवस ओळीने मोजतात. त्यामुळे पंधराव्या दिवशी चंद्र पूर्ण असेलच असे नाही.

सर्वांत जास्त घोळ अधिक महिन्याचा होतो. आपल्याकडे आधी अधिक श्रावण आणि मग निज श्रावण येतो. चीनमध्ये मूळ महिना आधी आणि त्याच क्रमांकाचा अधिक महिना नंतर. शिवाय तेथील सूर्याची संक्रमणे सायन, म्हणजे ताऱ्यांऐवजी वसंतसंपातापासून मोजलेली असल्याने दोन्हीकडचे अधिक महिने जुळतीलच असे नाही. सूर्याच्या बारा मुख्य संक्रमणांपैकी एकही ज्यात पडत नाही, तो महिना सहसा अधिक ठरतो. २०२५ मध्ये २५ जुलै ते २२ ऑगस्ट हा अधिक सहावा महिना होता. ‘चूशू’ हे मुख्य संक्रमण २३ ऑगस्टला पहाटे झाले आणि युती त्याच दिवशी दुपारी. क्षणांचा क्रम पाहणारा हे संक्रमण आधीच्या महिन्यात टाकील, पण चिनी नियमात दिवस पाहतात, आणि तो दिवस सातव्या महिन्याचा होता.

सगळेच सण चांद्र असतात, हाही गैरसमजच. पूर्वजांच्या कबरी झाडण्याचा छिंगमिंग सौर असल्याने ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपासच येतो. व्हिएतनामचे पंचांग याच पद्धतीचे असले, तरी तेथे हनोईची वेळ धरतात. १९८५ मध्ये तेथील नववर्ष ‘तेत’ २१ जानेवारीला आणि चीनचे नववर्ष २० फेब्रुवारीला आले.

जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी प्राणिवर्ष (चिनी वर्षाला दिलेले प्राण्याचे नाव) नुसत्या इसवी सनावरून ठरवू नये. ४ फेब्रुवारी २००० चा जन्म सशाच्या वर्षातला, तर दुसऱ्या दिवशीचा ड्रॅगनच्या. भविष्य सांगणारे काही जण मात्र वर्ष ‘लीछुन’ या सौर संक्रमणापासून मोजतात, तेव्हा समोरचा कोणती गणना धरतो आहे ते आधी विचारावे.