बोर्दोची रेड वाईन चाखताना

बाटली उघडली की लगेच घोट घेऊ नका. आधी तापमान बघा. रेड वाईन ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी म्हणतात, पण ती खोली फ्रान्समधली, थंडीतली. १६ ते १८ अंश सेल्सियस हवं. आपल्याकडच्या उकाड्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर नुसता अल्कोहोल नाकात जातो.

ग्लास एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळट असेल तर वाईन तरुण, विटकरी झाक असेल तर मुरलेली. ग्लासच्या आत ओघळणाऱ्या थेंबांवरून दर्जा ठरवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, ते मुख्यतः अल्कोहोलचं प्रमाण सांगतात.

मग वास. एकदा ग्लास न हलवता, एकदा गोल फिरवून. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतातला मेदोक हा एक भाग, तिथल्या वाईनमध्ये काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचा वरचष्मा असतो, त्यामुळे काळ्या बेरीसोबत पेन्सिल तासल्यासारखा वास येतो. भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर बुचामुळे बाटली बिघडलीय. हॉटेलात असाल तर बेधडक परत करा.

घोट तोंडभर फिरवा. हिरड्या आवळणारा तुरटपणा म्हणजे टॅनिन. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते ना, तसाच. तो तरुण वाईनमध्ये असणारच, फक्त कडवट-ओबडधोबड नको. गिळल्यावर मनात आकडे मोजा. चव दहापर्यंत रेंगाळली तर बाटली चांगली. जेमतेम तीन-चारला विरली, तर लेबलवर १८५५ च्या वर्गवारीचा, म्हणजे बोर्दोच्या वाईनना तेव्हा दिलेल्या दर्जाच्या श्रेणींचा, कितीही मान मिरवलेला असो, माझे गुण कमीच.