कंपालात नव्याने येणाऱ्या खानदेशी मंडळींसाठी : निर्वासितांच्या शेजारात राहताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून नोकरीनिमित्त येथे, युगांडाच्या राजधानीत, येणाऱ्यांना घर, किराणा आणि शाळा यांची माहिती आपल्या लोकांकडून मिळते. शेजाऱ्यांविषयी मात्र कोणी फारसे सांगत नाही. न्साम्ब्या, कटवे किंवा कन्सांगा भागात घर घेतले, तर गल्लीत काँगोहून जीव वाचवून आलेली कुटुंबे असण्याचा संभव बराच आहे.

युगांडाच्या २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करण्याची व देशात फिरण्याची मोकळीक दिली आहे. निर्वासितांसाठीच्या ग्रामीण वसाहतीत नोंद झालेल्यास जमिनीचा तुकडा व काहींना शिधा मिळण्याची सोय असते. राजधानीत राहणाऱ्याने मात्र बहुतांशी स्वतःच्या बळावर भागवायचे असते. अशा वेळी उपयोगी पडते ती ‘यारिड’सारखी संस्था, जी २००७ मध्ये काँगोतून आलेल्या तरुणांनीच येथे उभी केली. बेकार पोरांना एकत्र आणण्यासाठी प्रथम फुटबॉल सुरू झाला. त्यातून भाषेची आणि रोजगाराची अडचण पुढे आली, आणि पुढे इंग्रजी, शिवणकाम व संगणकाचे वर्ग उभे राहिले. फ्रेंच आणि स्वाहिली उत्तम बोलणारा माणूस इंग्रजीवाचून येथे अडाणी ठरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या इंग्रजीच्या वर्गाचे मोल कळते.

असे काम केवळ निर्वासितांपुरते ठेवून भागत नाही, स्थानिक गरिबांनाही त्यात जागा द्यावी लागते. सरकारी धोरणातही मदतीचा सुमारे ३० टक्के वाटा यजमान वस्तीकडे जावा, असा संकेत आहे. हे उगाच नव्हे. सरदार सरोवराच्या विस्थापितांना तळोद्याच्या वनजमिनीवर वसवले, तेव्हा ती जमीन आधीपासून कसणाऱ्यांशी तंटे झाले, हे नंदुरबारकडच्या वाचकांना सांगायला नको. एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोघींपैकी एकीलाच शिलाई मशीन मिळाले, तर दुसरीच्या मनात काय येईल, हेही सांगायला नको.

संस्थेत प्रथम जाताना जुन्या कपड्यांचे गाठोडे घेऊन जाऊ नये. काय हवे ते आधी विचारावे. रंगीबेरंगी किटेंगे कापडाच्या पिशव्या शिवणाऱ्या बायकांकडून खरेदी करावी आणि तेथे घासाघीस टाळावी, मग भाजीबाजारात ती हौस खुशाल भागवावी. पिशवीच्या आतली शिलाई उलटून पाहिल्यास दुहेरी टाके दिसतील. दाम त्या कामाचे असते, दयेचे नसते. घर का सोडले, वाटेत काय घडले, हे कोणालाही आपण होऊन विचारू नये, आणि परवानगीवाचून फोटो काढून गावाकडच्या ग्रुपवर टाकू नये.

‘हे लोक इथल्यांचे काम खातात’ असे काही आपलीच मंडळी बोलतात. १९७२ मध्ये युगांडाचा तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले, तेव्हा येथल्या भारतीय दुकानदारांविषयी असेच बोलले जात होते, एवढे त्यांना नम्रपणे सांगावे.

हिशेब, संगणक किंवा शिवणकाम येत असल्यास आठवड्यातून एक ठरावीक वेळ द्यावी आणि ती पाळावी; अधूनमधून येणाऱ्या शिक्षकामुळे वर्ग मोडतो. त्यापूर्वी आपल्या कामाच्या परवान्यात अशी सेवा बसते का, याची खात्री मालकाकडून करून घ्यावी.