दिवसभर घराला कुलूप आणि कुत्रा पाळायचाय? या चुका टाळा

“आम्ही दोघंही नोकरी करतो. सकाळी नऊला बाहेर पडतो ते संध्याकाळी सातला घरी. कुत्रा पाळला तर चालेल का?” असं आधी विचारणारी माणसं मला फार आवडतात, कारण ती फार थोडी असतात. बाकीचे पिल्लू आणून मोकळे होतात आणि तीन आठवड्यांनी फोन करतात. सोफा फाडला, शेजारी भांडायला आले, घरभर शू करतो, काय करू? १२ वर्षं मी लोकांची कुत्री सांभाळतेय, फिरवतेय, बिघडलेल्या सवयी सुधारायला मदत करतेय. दर वेळी माणूस नवा असतो, चुका त्याच.

नोकरदारांनी कुत्रा पाळूच नये, असं माझं म्हणणं नाही. घर माणसांनी भरलेलं असूनही दिवसभर गॅलरीत बांधून ठेवलेली कुत्री मी पाहिली आहेत आणि नोकरी सांभाळून कुत्र्याला उत्तम ठेवणारी एकटी माणसंही पाहिली आहेत. पण रोज दहा तास घर बंद, मध्ये कुणी फिरकणार नाही, असं असेल तर माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. मग कुत्रा कितीही आवडत असो.

तास न मोजता पिल्लू आणणं

नोकरी आठ तासांची असली तरी घर आठच तास रिकामं नसतं. जाण्यायेण्याचा वेळ, वाटेतली कामं, अधूनमधून लांबणारी मीटिंग धरली की दहा-अकरा तास सहज होतात. आता पिल्लाचं गणित बघा. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. जास्तीत जास्त तितके तास ते शू रोखू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे जेमतेम ३ तास. त्याला दहा तास कोंडलं तर ते घरात करणारच, आणि घरात करायची सवय एकदा अंगवळणी पडली की मोडायला महिने लागतात. मोठं कुत्रं आठ तास कळ काढू शकतं. पण काढता येते म्हणून रोज काढायला लावायची का? स्वीडनमध्ये कुत्र्याला दिवसा निदान दर ६ तासांनी बाहेर न्यायलाच हवं, असा नियम आहे. मीही तोच आकडा धरून चालते.

“पण कुत्री दिवसभर झोपतातच ना?” झोपतात. मोठं कुत्रं दिवसाकाठी १२ ते १४ तास, पिल्लू १८ ते २० तास. पण तुकड्यातुकड्यानं झोपतात, आणि एकटं राहायला शिकलेलं कुत्रंच निवांत झोपतं. न शिकलेलं दाराकडे तोंड करून बसून राहतं.

माझ्याकडे सल्ला मागायला येणाऱ्यांना मी एक काम देते. कुत्रा आणायच्या आधी दोन आठवडे दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा. शेवटचा माणूस बाहेर पडला की वेळ लिहा, पहिला माणूस आत आला की वेळ लिहा. दोन आठवड्यांनी सगळ्यात मोठ्या आकड्याभोवती गोल करा. तो ६ च्या वर असेल तर त्याच्यापुढे दुपारी येऊन कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसाचं नाव लिहा. आई, शेजारचे काका, पगारी वॉकर, कुणीही चालेल. पण नाव हवं. ‘बघू, करू काहीतरी’ हे नाव नव्हे. कागद पाहून ज्यांनी बेत पुढे ढकलला, त्यांनी मला नंतर कधी दोष दिलेला नाही.

आणि दुपारी येणारा माणूस मिळाला तरी दोन महिन्यांचं पिल्लू आणू नका, दोन-तीन वर्षांचा शांत कुत्रा घ्या, असं मी सांगते. पिल्लाच्या ३ ते १४ आठवड्यांच्या वयात त्याला माणसं, आवाज, रस्ता, इतर प्राणी यांची ओळख व्हावी लागते. तो काळ बंद घरात गेला तर पुढे कुत्रा साध्या छत्रीलाही घाबरतो. “पण पिल्लू किती गोड असतं हो!” असतं. पण ते गोड दिसणं दोन-चार महिन्यांचं असतं आणि भित्रेपणा आयुष्यभराचा.

सुट्टी काढून पिल्लू आणणं आणि सुट्टी संपली की एकदम निघून जाणं

ही चूक चांगल्या मनाची माणसं करतात, म्हणून तिचं जास्त वाईट वाटतं.

एका जोडप्यानं टफीला आणताना दोघांनीही दोन आठवड्यांची रजा घेतली होती. पिल्लू चौदा दिवस मांडीवर झोपलं, स्वयंपाकघरात पायात घुटमळलं, कुणी बाथरूमला गेलं तरी दाराबाहेर बसून राहिलं. पंधराव्या दिवशी टीव्ही चालू ठेवून, पाण्याचं भांडं भरून दोघं कामावर गेले. दहा तास. चौदा दिवसांत ज्याला एक मिनिटही एकटं राहायला शिकवलं नव्हतं, त्याच्यावर एकदम दहा तास आले.

मला फोन आला तेव्हा टफी पाच महिन्यांचा झाला होता. दाराची चौकट खालून वीतभर कुरतडलेली होती, लाकडाच्या चिरफळ्या निघाल्या होत्या आणि त्याच्या पुढच्या पायाचं एक नख मुळापासून तुटलं होतं. “ताई, आम्ही गेलो की तो आमच्यावर राग काढतो,” त्या जोडप्यातली मुलगी म्हणाली. मी तिला फक्त एकच सांगितलं. जुना मोबाइल दाराकडे रोखून ठेव, रेकॉर्डिंग चालू कर आणि निघताना खाऊ भरलेलं रबरी खेळणं त्याच्यासमोर ठेव.

ते रेकॉर्डिंग आम्ही तिघांनी एकत्र पाहिलं. ८ वाजून ४७ मिनिटांनी लॅच बंद झालं. पहिला मिनिटभर टफी कान टवकारून उभा होता. मग दाराखालच्या फटीला नाक लावून हुंगत राहिला. चौथ्या मिनिटाला तो रडायला लागला. ते भुंकणं नव्हतं, मान वर करून काढलेला लांबलचक आवाज होता. मग पंजे दारावर. फरशीवर त्याच्या पावलांचे ओले ठसे दिसत होते. कुत्र्यांना तळव्यांना घाम येतो आणि तो घाबरलं की जास्त येतो. खेळण्याकडे त्यानं दिवसभरात एकदाही ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी ती दोघं आत आली, त्यानं अंगावर उड्या मारून घेतल्या, आणि ती सोफ्यावर बसल्याबरोबर तो जाऊन तेच खेळणं चाटायला लागला. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. “हा रागावला नव्हता,” ती म्हणाली.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण उपाय त्यावर ठरतो. कंटाळलेलं कुत्रं आधी झोपतं, खाऊ खातं, मग तासा-दोन तासांनी उशी, चप्पल, जे हाती लागेल ते फाडतं. घाबरलेलं कुत्रं तुम्ही गेल्यावर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं. त्याचा रोख दारं-खिडक्यांवर असतो, लाळ गळते आणि आवडीचा खाऊही घशाखाली उतरत नाही. कंटाळ्याला व्यायाम आणि खेळणी पुरतात, भीतीला पुरत नाहीत. अंदाज बांधत बसू नका, रेकॉर्डिंग करा.

टफीला आम्ही शून्यापासून शिकवलं. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या, बाहेर जायचं नाही. बूट घालून सोफ्यावर बसायचं. हे दिवसातून पंधरा-वीस वेळा, किल्ल्यांचा आवाज ऐकून तो मान वर करेनासा होईपर्यंत. मग दाराबाहेर ५ सेकंद. मग १०, मग ३०, मग पुन्हा ५. तो रडायला लागायच्या आधी आत यायचं, रडल्यावर नाही. पहिल्या ४० मिनिटांपर्यंत पोचायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, त्यापुढचे तास भराभर वाढले. आणि या सगळ्या काळात त्याला एकदाही शिकलेल्या वेळेपेक्षा जास्त एकटं सोडायचं नाही, ही अट. त्या दोघांनी आलटून पालटून घरून काम केलं, काही दिवस तो माझ्याकडे राहिला. ४ तास शांत राहायला टफीला चार महिने लागले. दुपारी फिरवायला येणारा माणूस मात्र त्यांनी कायमचा ठेवला.

“एका आठवड्यात जमेल का?” असं विचारणाऱ्यांचं काम मी घेत नाही. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा बांधून आठवड्यात शांतता मिळवणारे लोक आहेत. आवाज बंद होतो, भीती आतच राहते आणि शेजारी खूश म्हणून कुणी पुढे पाहत नाही. मला ते क्रूर वाटतं. २०२० नंतर तर असे फोन कितीतरी आले. घरून काम चालू असताना कुत्रा आणला, ऑफिस पुन्हा सुरू झालं आणि जन्मात एकटा न राहिलेला कुत्रा एका सोमवारी एकदम एकटा पडला.

पिल्लू आणलंच असेल आणि सुट्टी असेल, तर पहिल्या दिवसापासून रोज थोडं थोडं दुसऱ्या खोलीत जा. दार लोटा, मिनिटभरानं या. त्या सुट्टीचा खरा उपयोग तोच आहे.

घरी परतल्यावर ओरडणं

“त्याला कळतं हो चूक केलीय ते, मान खाली घालून बसतो.” नाही कळत. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली १४ कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग मी यासाठी सगळ्यांना सांगते. मालकानं कुत्र्याला खाऊ खाऊ नकोस असं सांगून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर त्याला सांगितलं जायचं की कुत्र्यानं खाल्लं किंवा नाही खाल्लं, पण ही माहिती दर वेळी खरी नसायची. मान पाडणं, नजर चुकवणं, शेपूट आत घेणं हे सगळं मालक ओरडला की दिसायचं, कुत्र्यानं खाऊ खाल्ला असो वा नसो. उलट काहीही न करता ओरडा खाणाऱ्या कुत्र्यांत ते जास्त ठळक दिसलं. म्हणजे तुम्ही ज्याला अपराधी चेहरा म्हणता, तो तुमच्या रागाला घाबरलेला चेहरा असतो.

सकाळी अकराला फाडलेल्या उशीचा आणि संध्याकाळी सातला बसलेल्या फटक्याचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला लागतो तो एवढाच: हे लोक घरी आले की मार बसतो. मग एकटेपणाची भीती होतीच, तिच्यात तुमच्या येण्याची भर पडते आणि दुसऱ्या दिवशी दोन उश्या फाटतात.

मी स्वतः काय करते ते सांगते. दार उघडलं की घराकडे बघायचंच नाही. पिशवी खाली, पट्टा हातात, कुत्रा बाहेर. शी-शू होऊन, दहा मिनिटं हुंगून परत आल्यावर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून आवरायला घ्यायचं. एव्हाना माझाही राग उतरलेला असतो. शू पुसायला अमोनिया असलेलं काही वापरू नका, त्याचा वास कुत्र्याला शूसारखाच लागतो आणि तो पुन्हा तिथेच जातो. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, तेच घ्या.

सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणणं

टफीला जी भीती होती ती माणसं गेल्याची होती. दुसरा कुत्रा ती भरून काढत नाही. बहुतेकदा एकाच्या जागी दोघं रडतात. पहिला नीट राहायला शिकला की मग दुसऱ्याचा विचार करा.

बाकीच्या थोडक्यात

क्रेट, म्हणजे कुत्र्याचा गजांचा पिंजरा, ही झोपायची जागा आहे, आठ तास कोंडायची नाही. घाबरलेली कुत्री गजांवर दात मोडून घेतात.

फोटो पाहून जात निवडू नका. बॉर्डर कॉली दिवसभर मेंढ्या राखण्यासाठी आणि हस्की मैलोन् मैल ओझं ओढण्यासाठी घडवलेले आहेत. बंद घरात त्यांचं काय होणार?

सकाळी घाईघाईत पाच मिनिटं ओढत फिरवण्यापेक्षा अर्धा तास लवकर उठा आणि त्याला मनसोक्त हुंगू द्या. नाकाचं काम कुत्र्याला चांगलंच दमवतं. उठवत नसेल तर कुत्रा नको.

एकटं ठेवताना गळपट्टा काढून ठेवा, तो फर्निचरमध्ये अडकून फास बसतो. मोजे, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, झायलिटॉलचं (साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचं) च्युइंगम उंचावर, बंद दारामागे.

पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात बंद, हवा न खेळणाऱ्या घरात ठेवणं जिवावर बेतू शकतं.

चांगलं सवयीचं कुत्रं अचानक घरात शू करायला लागलं तर आधी डॉक्टरकडे न्या, मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो. वागणुकीचा विचार त्यानंतर. भीती फार तीव्र असेल तर डॉक्टर फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखी औषधंही देतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त शिकवण्याचं काम त्याबरोबर चालू ठेवावं लागतं आणि माणसाच्या गोळ्या मनानं द्यायच्या नाहीत.

सगळं करूनही जमत नसेल तर

असंही होतं. बदली होते, घरातलं माणूस आजारी पडतं, दुपारी येणारा माणूस सोडून जातो. अशा वेळी ‘आम्ही त्याला कधीच देणार नाही’ म्हणत त्याला आणखी पाच वर्षं दारामागे रडत ठेवणं हे प्रेम आहे असं मला वाटत नाही. घरात दिवसभर कुणीतरी असतं असं घर शोधा. घाई करू नका, त्या लोकांना चार-पाच वेळा तुमच्याकडे बोलवा, मग तुम्ही त्याला घेऊन त्यांच्याकडे जा. तो कशाला घाबरतो, काय खातो, कुठल्या हाकेला येतो, हे सगळं खरं खरं लिहून द्या, लपवून काही देऊ नका. आणि त्याचं अंथरूण धुऊ नका. आहे तसं, तुमच्या घराच्या वासासकट सोबत द्या. पहिल्या काही रात्री तो त्याच्यावरच झोपेल.